चहाआधीची गोळी

मला राग लवकर येतो. लातूरची डॉक्टर मंडळी माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "मॅडम, इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधले काही हृद्य अनुभव लिहाल का?" मी म्हटलं, हृद्य अनुभव हृदयाच्या डॉक्टरांकडं मागा. मी मेंदूची डॉक्टर. माझ्याकडं आहेत ते संतापाचे. चालत असतील तर लिहिते. ते म्हणाले, चालतील. तेव्हा पुढचं वाचून कुणाला ठसका लागला तर दोष त्यांचा.

मी मूळची भोकरची. शिकले नांदेडला आणि बाहेर, दवाखाना थाटला लातुरात. आठवड्यातून एक दिवस अजूनही नांदेडला जाऊन बसते. आमच्या भागात मेंदूची डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं वेड्यांची. एका मामांनी तर आत येताच सांगून टाकलं होतं, "मी शहाणा हाय बरं का म्याडम, निस्ता हात हलतोय." मी त्यांना म्हटलं, हात हलतोय म्हणूनच या. नुसते शहाणे माझ्याकडं येतच नाहीत.

माझं निम्मं आयुष्य मेंदूच्या ज्या भागापायी गेलं तो वरून दिसत नाही. अक्रोडासारख्या सुरकुत्यांचा मेंदू सगळ्यांनी चित्रात पाहिलेला असतो. त्याच्या पार आत, तळाशी, करड्या गाठी असतात. हात उचलायचा हुकूम वरून सुटतो, पण तो किती उचलायचा, कुठं थांबवायचा, त्याच वेळी दुसऱ्या हातानं काय करायचं, हे या गाठींच्या मार्फत ठरतं. त्यांच्यातून दोन वाटा जातात. एक हालचालीला 'चल' म्हणते, दुसरी 'थांब' म्हणते. रानात पाणी देताना दारं धरणारा माणूस एका सरीचं मातीचं दार फोडतो, दुसरीचं बुजवतो आणि पाणी हव्या त्याच सरीत जातं, तसं हे चालतं. फोडायचं कधी आणि बुजवायचं कधी याचा इशारा देणारं रसायन म्हणजे डोपामिन. ते पुरेसं असलं की 'चल'ची वाट मोकळी राहते आणि 'थांब'ची आवरलेली. ते कमी पडलं की बहुतेक दारं बुजलेलीच राहतात. माणूस मंद होतो, ताठतो. चालताना त्याचे हात हलत नाहीत, पापण्या कमी लवतात आणि चेहऱ्यावरचे भाव जातात.

कंपवातात हे रसायन तयार करणाऱ्या पेशीच झिजतात. त्यात कुणाचा दोष नसतो. पण पेशी धडधाकट असतात, रसायनही तयार होत असतं, आणि एखादं औषध मध्ये बसून त्याचा इशारा पोचूच देत नाही, तेव्हाही माणूस हुबेहूब तसाच दिसतो. यात मात्र दोष असतो आणि माझा राग इथून सुरू होतो.

या रागाची सुरुवात जुनी आहे. मी नांदेडला नवीनच डॉक्टर होते तेव्हा देगलूरकडची एक मुलगी आणली होती. मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर. आदल्या दिवशी उलट्या होत होत्या म्हणून कुणीतरी उलटीचं इंजेक्शन दिलं होतं, तेही असंच इशारा अडवणारं. संध्याकाळी मान फिरली. घरच्यांनी ओळखलं, बाहेरचं झालंय. देवऋषी झाला, धुरी झाली, लिंबू झालं. अंगातलं जात नाही म्हणून तिच्या चुलत्यानं तिच्या थोबाडीत मारून मारून गाल सुजवला होता. ती पूर्ण शुद्धीवर होती. मार खाताना तिला सगळं कळत होतं, फक्त मान सरळ करता येत नव्हती. मी उतारा म्हणून एक साधं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात मान सरळ झाली. चुलता हात जोडून म्हणाला, "म्याडम, मंतर कोनता म्हनलात तेवढं सांगा." मंत्र सांगण्याऐवजी मी त्याला वॉर्डभर ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. सिस्टरनी मला बाजूला नेऊन पाणी पाजलं. ती मुलगी मात्र एकच वाक्य बोलली, "मी सांगून राहिले होते की माझी मानच फिरंना, कोनी ऐकंना." पुढं माझ्याकडं आलेल्या कितीतरी बायांनी मला हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलंय.

आता माझ्या दवाखान्यातल्या एका गमतीच्या वस्तूबद्दल सांगते. माझ्या तपासणीच्या खोलीत परात आहे आणि डब्यात ज्वारीचं पीठ आहे. कंपवाताच्या रोग्याचं अक्षर लहान लहान होत जातं, म्हणून पुस्तकात लिहिलंय की त्याला एक ओळ लिहायला सांगा. आमच्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्या बायांनी जन्मात पेन धरलेलं नाही. त्यांना काय लिहायला सांगणार? पण भाकरी प्रत्येकीनं थापलेली असते. एक हात थापतो, दुसरा कड सांभाळत भाकरी फिरवतो, आणि बाई त्या वेळी तिसऱ्याच बाईची चुगली करत असते. इतकी मुरलेली हालचाल त्या आतल्या गाठींच्या जोरावर चालते. तिथं बिघाड झाला की थापणं आखडत जातं, भाकरी फिरेनाशी होते, लहान आणि जाड राहते. पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञांना परात पाहून फार हसू आलं होतं. मी त्यांना म्हटलं, हसा, पण तुमच्या पेनानं माझी एकतरी पेशंट तपासून दाखवा.

या परातीपुढं एका उन्हाळ्यात कलावतीबाई बसल्या.

लातुरात शिकवण्यांचा जो भाग आहे तिथं त्यांची खानावळ होती. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावची पोरं येतात, त्यांच्या जेवणावर त्या भागात कितीतरी घरं चालतात. कलावतीबाईंचे मालक लवकर वारले. त्यांनी भाकरीच्या जोरावर एकुलत्या मुलाला, बालाजीला, वाढवलं. बालाजी डबे पोचवायचा, बाजार करायचा. आईला घेऊन तोच आला, पण आजारी आई आणल्यासारखा नाही, तक्रार घेऊन आल्यासारखा.

"म्याडम, हिच्या डोक्यात काई हाय का बगा. घरात बोलत न्हाई, तोंड फुगवून बसती. पोरं म्हनून राहिलेत, मावशी भाकर लहान करून राहिली, कंजूष झाली. निम्मी पोरं दुसऱ्या मेसला गेली."

कलावतीबाई समोर बसल्या होत्या. चेहरा सपाट. पापणी लवत नव्हती. बालाजी त्यांच्याबद्दल इतकं बोलला, त्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं. मी परात पुढं केली. त्यांनी पीठ मळलं, गोळा केला, थापायला लागल्या. हात नुसता जागच्या जागी टपटपत राहिला. तळहाताएवढी भाकरी झाली आणि तिथंच थांबली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वाढंना की म्याडम. मला काय हौस हाय का लहान करायची?"

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कंपवाताचं निदान आधीच केलं होतं. गोळ्या चालू होत्या, गुण नव्हता. आता मोठ्या शहरात नेऊन मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन करा, असं कुणीतरी बालाजीच्या कानावर घातलं होतं. मी हातपाय तपासले. कंपवात शक्यतो एका बाजूनं सुरू होतो आणि ती बाजू पुढंही जास्त आखडलेली राहते. इथं दोन्ही बाजू एकाच वेळी, एकसारख्या आखडलेल्या. मला शंका आली. विचारलं, "आणखी कोणत्या गोळ्या घेता?"

"दुसऱ्या न्हाईत."

"झोपेच्या? चक्करच्या? पित्ताच्या?"

"पित्ताची हाय की. पन ती काय दवा हाय का? ती तर चहाआधीची."

कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक रिकामी पट्टी काढली. आमच्याकडं ही रीत आहे. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी दुकानात दाखवायची, "हीच द्या" म्हणायचं. दुकानदार देतो. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही. गोळी पित्ताचीच होती, पण जोडगोळी. एक औषध आम्ल कमी करणारं आणि त्याच्या जोडीला पोटाला चालना देणारं दुसरं. हे दुसरं पोटापुरतं थांबत नाही. वर मेंदूत जातं आणि डोपामिनच्या इशाऱ्यापुढं आडवं पडतं. मालक वारल्यावर कलावतीबाईंचं जेवण तुटलं, जळजळ सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी दिली होती. तेव्हापासून वर्षानुवर्षं ती चहाआधी चालू होती. त्याहून संतापजनक पुढचं. कंपवाताच्या गोळीनं मळमळतं. त्यांना मळमळलं, म्हणून डॉक्टरांनी पित्ताची गोळी सकाळ-संध्याकाळ केली. म्हणजे एक गोळी दार उघडायची आणि दुसरी तेच दार लावायची, दोन्ही एकाच डॉक्टरांच्या एकाच चिठ्ठीवर.

मी त्या डॉक्टरांना तिथल्या तिथं फोन लावला. वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस लबाड असेल. तो लबाड नव्हता, हीच अडचण आहे. कलावतीबाईंचे मालक गेले त्या दिवशी तो अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांच्या घरी धावला होता. पुढं कधी त्यानं त्यांच्याकडून फी घेतली नाही. साऱ्या गल्लीत त्याला देवमाणूस म्हणत.

"मॅडम, एवढ्याशा गोळीनं कुठं काय होतंय?" तो म्हणाला. "सगळेच लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून मेंदूनं मान्य करावं का?"

"मी पंधरा दिवसांचीच दिली होती. ती घेत राहिली, त्याला मी काय करू?"

"आणि दुप्पट कुणी केली?"

 तो हळूच म्हणाला, "पेशंटसमोर काही बोललात का?"

मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटण्यासारखे नसतात, त्याचा तडा अजून माझ्या फोनवर आहे. पुढं आमच्या संघटनेच्या सभेत मी हा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मुद्दा चांगला आहे, पण जेवण थंड होतंय." जेवण कोणत्या औषध कंपनीकडून होतं ते मी विचारलं.  त्या दिवसापासून मला अशा सभांची आमंत्रणं येत नाहीत आणि माझं वजन आटोक्यात आहे.

मी कलावतीबाईंची गोळी बंद केली, जळजळीसाठी साधी एकटी गोळी दिली. बालाजीला सांगितलं, गुण यायला महिने लागतील. काहींना पूर्ण गुण येत नाही. काहींत खरा कंपवात खाली दबलेला असतो, तो उघडा पडतो. हमी देत नाही, पण वाट बघू. वाचकांनी मात्र हे वाचून स्वतःच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, आधी डॉक्टरला विचारावं. तो चिडला तर डॉक्टर बदलावा.

आधी पापण्या लवायला लागल्या. मग चालताना हात सुटले. भाकरी परातीत हळूहळू पसरायला लागली. एका खेपेला बाईंचं थापणं अडलं म्हणून मी बाह्या सारून म्हटलं, "सरका, मी दाखवते." मी घरी पोळ्या लाटणारी. भाकरी उचलताच तिचे तीन तुकडे झाले. आणि कलावतीबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळे मिटून हसल्या. "म्याडम, ही भाकर न्हवं, भातुकली हाय!" मला या बाईचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकं हसरं तोंड असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

बालाजी शेजारी होता. तो सहज म्हणाला, "हाव, आई आधी अशीच हसायची. गल्लीला ऐकू जायचं."

"मग बंद झाल्यावर तुला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं वय झालं. बाबा गेल्याचं दुःख असंल. बायांचं काय असतंय, आपन काय विचारावं?"

मी काही बोलणार तेवढ्यात कलावतीबाईंनी माझा हात धरला. "म्याडम, भाकरीचं जाऊ द्या. मला माझी सून आनून द्या."

तेव्हा मला कळलं की या घरात एक सून होती. अर्चना, हिमायतनगरची. बालाजीचं लग्न झालं तेव्हा गोळी सुरू होऊन बराच काळ झाला होता. लग्नाच्या व्हिडिओत सगळे नाचतायत आणि नवरदेवाची आई भिंतीसारखी उभी. नव्या सुनेनं पाया पडून वर पाहिलं तर सासूच्या चेहऱ्यावर काही नाही. तिनं चहा केला, गोड केलं, साडी आणली. काही नाही. मुलगी झाली, आजीच्या मांडीवर दिली. आजीनं हात पुढं केले नाहीत, कारण ते आखडले होते, आणि चेहऱ्यावर पुन्हा काही नाही. अर्चनानं एकच अर्थ लावला की मी नको आहे, आणि मुलगी तर मुळीच नको आहे. ती मुलीला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही.

"म्या तिला फोन केला," कलावतीबाई म्हणाल्या, "की बाई, ती गोळी होती, मी न्हवते. तिला खोटं वाटतंय. तुमी सांगा. तुमी डाक्टर हाव."

मी फोन केला. अर्चना लातूरला यायला तयार नव्हती, पण माझ्या नांदेडच्या दिवशी येते म्हणाली. हिमायतनगरहून ती एकटीच आली. कलावतीबाई आणि बालाजी आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. ती त्यांच्यासमोरून मान खाली घालून आत आली. मी तिला सगळं सांगितलं. त्या आतल्या गाठी, दोन वाटा, ती गोळी. कागदावर चित्र काढून दाखवलं. हसू मनात आलं तरी ओठापर्यंत पोचायची वाटच कशी बंद झाली होती ते सांगितलं. ती शिकलेली होती, तिला नीट समजलं. 

मग म्हणाली, "म्हणजे माझी पोरगी मांडीवर दिली तेव्हा त्यांना आनंद झाला होता?"

"झाला असणारच."

तिनं डोळे पुसले. आणि मग तिला राग आला. मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे, पण असा राग मी स्वतःतही पाहिला नाही. तिचा आवाज चढला नाही.

"म्याडम, आत्याबाईंचं गोळीनं झालं, मानलं. पन मी तर नवी होते. त्यांचं आधीचं तोंड मला काय मालूम? मला वाटलं, हे तोंडच असं हाय. ज्यांना मालूम होतं ते कामून गप बसले? मी यांना रडून इचारलं होतं, तुमच्या आईला मी आवडत न्हाई का. हे म्हनले, ती तशीच हाय, तू सहन कर. एकदा जर म्हनले असते ना, की आई आधी लई हसायची, आता काय झालं काय की, तर मीच हात धरून दवाखान्यात आनली असती."

  त्या देवमाणसावर, त्या दुकानदारावर, त्या जेवणावळीवर मी इतके दिवस आग पाखडत होते. घरातल्या माणसाचं काय करायचं, हे मला कुठल्या सभेत मांडता येणार नव्हतं.

अर्चना उठली आणि बाहेर गेली. मीही मागोमाग दारात आले. कलावतीबाई तिच्याकडं बघून हसल्या. भीत भीत, जमतंय का नाही असं. अर्चना बघतच राहिली. मग खाली वाकून तिनं सासूची पिशवी उचलली.

"आत्याबाई, चला माझ्यासंगं. चार महिने राहा. पोरगी रोज इचारती, आजी कशी असती."

कलावतीबाई कुणाचा हात न धरता उभ्या राहिल्या. बालाजीही उठला, त्यानं शर्ट नीट केला.

"तुमी नका येऊ," अर्चना त्याला म्हणाली.

दोघी गेल्या. कलावतीबाई काहीतरी बोलत होत्या, दोन्ही हात हलवत. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. बालाजी रिकाम्या बाकापाशी उभा होता. जरा वेळानं तो माझ्याकडं वळला आणि अगदी मनापासून काकुळतीला येऊन म्हणाला, "म्याडम, मग आज रातच्याला मेसच्या भाकरी कोन करनार?"

यावर मी त्याला जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.